जिभेखालची गोळी नेमकी कुठे पोचते?

ज्या घरात कुणाला एकदा तरी ॲटॅक येऊन गेला आहे किंवा कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्या घरात सॉर्बिट्रेट हे नाव लहानमोठ्या सगळ्यांच्या तोंडी असते. शर्टाच्या खिशात, पर्सच्या आतल्या कप्प्यात, देवघराच्या फळीवर, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ती गोळी ठेवलेली असते. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण तीच गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकणारे आजोबा मी पाहिले आहेत. काही दुखत नसताना ‘हृदयाला बळ’ म्हणून रोज रात्री एक गोळी चघळणाऱ्या आजी पाहिल्या आहेत. शेजाऱ्याला घेरी आली म्हणून आपल्या खिशातली गोळी त्याच्या तोंडात घालणारे सद्गृहस्थही पाहिले आहेत. तिघांची भावना चांगलीच होती. गोळी शरीरात जाऊन काय करते, हे मात्र तिघांनाही कुणी कधी बसून सांगितले नव्हते.

डॉक्टर ज्या सूचना देतात त्या घाईत ऐकल्या तर एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात. बसूनच घ्या, गिळू नका, पॅच रात्री काढा, दुसरी गोळी सकाळ-रात्र नको तर सकाळ-दुपार घ्या, अमुक औषध चालू असेल तर ही अजिबात नको. यातल्या बहुतेक सूचना आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असलेल्या एकाच प्रथिनाच्या वागण्यातून निघतात. ते प्रथिन एकदा समजले की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आणि चुकीच्या वेळी चुकीचा मोह होत नाही. म्हणून आधी त्या प्रथिनापाशी थोडे थांबू या.

डोकेदुखीपासून नोबेलपर्यंत

सॉर्बिट्रेट हे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटचे दुकानातले नाव. याच कुळातले नायट्रोग्लिसरीन स्प्रे, गोळ्या किंवा कातडीवर चिकटवायचे पॅच अशा रूपांत मिळते. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ही रोज गिळायची गोळी. या सगळ्यांना मिळून नायट्रेट म्हणतात.

यातले सर्वांत जुने नायट्रोग्लिसरीन. इटलीतल्या तुरिन शहरात आस्कानिओ सोब्रेरो यांनी ते १८४७ साली तयार केले. जिभेला किंचित लावून पाहिल्यावर डोके विलक्षण ठणकते, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. हे स्फोटक द्रव्य माणसाच्या रक्तवाहिन्यांवर काम करते याचा तो पहिला पुरावा होता. १८७९ साली लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी छातीच्या कळेवर, म्हणजे अंजायनावर, त्याचा उपयोग होतो हे ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. डायनामाइटवर संपत्ती उभी करणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना १८९६ साली, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, डॉक्टरांनी हृदयाच्या दुखण्यासाठी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले होते.

औषध लागू पडते हे माहीत होते, कसे लागू पडते हे पुढे जवळजवळ शंभर वर्षे कुणालाच सांगता येत नव्हते. १९७७ साली अमेरिकेत फेरीद मुराद यांनी दाखवले की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जागे करतो. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून असा काही पदार्थ पाझरतो ज्याने तिचे स्नायू सैल पडतात. तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच आहे हे लुई इग्नारो आणि फर्चगॉट यांच्या कामातून पुढे आले. म्हणजे नायट्रेटची गोळी बाहेरून जे पुरवते ते निरोगी रक्तवाहिनी स्वतःच रोज तयार करत असते. मधुमेह, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी अस्तर खराब झाले की ही घरची निर्मिती आटते. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

लोखंडाचा एक अणू

आता तो विकर. त्याचे नाव सोल्युबल ग्वानिलेट सायक्लेज. लेखात पुढे त्याला नुसते सायक्लेज म्हणू. निरोप घेणारा रिसेप्टर आणि निरोप मिळताच रासायनिक काम करणारा विकर या दोन्ही भूमिका हा एकच रेणू बजावतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

सायक्लेज दोन प्रथिनसाखळ्यांचा बनलेला असतो, अल्फा आणि बीटा. बीटा साखळीच्या एका टोकाला एक खोबण आहे आणि त्या खोबणीत हीम बसलेले आहे. हीम म्हणजे मधोमध लोखंडाचा एकच अणू असलेला चपटा रेणू. आपल्या हिमोग्लोबिनमध्येही हेच असते आणि रक्ताचा लाल रंग त्याचाच. हा लोखंडाचा अणू हीममधल्या चार नायट्रोजन अणूंनी चहूबाजूंनी धरलेला असतो. पाचव्या बाजूने त्याला बीटा साखळीतल्या १०५ व्या जागेवरचे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल धरून ठेवते. सहावी बाजू मोकळी.

हिमोग्लोबिनमध्ये त्या मोकळ्या बाजूला ऑक्सिजन येऊन बसतो. सायक्लेजच्या हीमवर तो बसत नाही, आणि मला या सगळ्या रचनेत हीच गोष्ट सर्वांत थोर वाटते. पेशीत ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी जास्त असतो. तो इथे बसू शकला असता तर जागा कायमची अडून राहिली असती आणि नायट्रिक ऑक्साइडला कधी वावच मिळाला नसता. कार्बन मोनॉक्साइड तिथे बसतो, पण त्याने सायक्लेजचा वेग जेमतेम काही पट वाढतो. नायट्रिक ऑक्साइड बसला की तोच वेग काही शे पट होतो. फरक पडतो तो हिस्टिडीनमुळे. कार्बन मोनॉक्साइड बसला तरी हिस्टिडीनची पकड शाबूत राहते. नायट्रिक ऑक्साइड बसला की ती सुटते.

ती सुटण्याचा परिणाम दूरवर जातो. सायक्लेजच्या मधल्या भागात पिळदार दांड्यासारखा एक भाग आहे. विकर थंड असताना तो वाकलेला असतो. हिस्टिडीन सुटले की हीमभोवतीचा भाग वळतो, वाकलेला दांडा ताठ होतो आणि रेणूच्या दुसऱ्या टोकाशी असलेली कामाची खोबण नीट उघडते. ही हालचाल पूर्वी तर्काने सांगितली जात होती. २०१९ साली बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या गटाने मानवी सायक्लेज गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अवस्थांत पाहिला, तेव्हा वाकलेला आणि ताठ झालेला असे दोन्ही रेणू प्रत्यक्ष दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बर्कलीच्या गटानेही एका पतंगाच्या सायक्लेजवर असेच काम केले.

उघडलेल्या खोबणीत जीटीपी नावाचा रेणू येतो आणि त्यापासून सायक्लिक जीएमपी तयार होतो. हा पुढचा निरोप्या. तो स्नायूपेशीतले कॅल्शियम खाली आणतो, आणि कॅल्शियम उतरले की रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू आखडणे सोडून सैल पडतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. जिभेखालची गोळी ब्लॉक विरघळवत नाही. नेहमीच्या मात्रेत तिचा सर्वांत मोठा परिणाम शिरांवर होतो. शिरा सैलावल्या की बरेचसे रक्त पायांत आणि पोटात थांबते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदयाला कमी रेटावे लागते आणि त्याची ऑक्सिजनची मागणी उतरते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्याही काही प्रमाणात रुंदावतात. कळ थांबते ती या सगळ्यामुळे. धमनीतला अडथळा होता तिथेच असतो. म्हणून कळ थांबली तरी डॉक्टरांकडे जायचेच आहे.

आता सूचनांकडे

बसून घ्या, असे का सांगतात ते आता उघड आहे. रक्त खाली उतरते, रक्तदाब पडतो. उभ्याने गोळी घेतली तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळू शकतो. बाथरूममध्ये, जिन्यात, बसस्टॉपवर कळ आली तर आधी जागा पाहून बसा आणि मगच गोळी काढा. आडवे झालात तर हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, म्हणून शक्यतो पाठीला टेकून बसलेलेच बरे. घेरी आलीच तर मात्र आडवे व्हा आणि पाय उंचावर घ्या. गोळीनंतर लगेच उठून चालायला लागू नका. दारू, अतिगरम पाण्याची आंघोळ, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या यांनी रक्तदाब आणखी घसरतो, हे लक्षात असू द्या.

गिळायची का नाही? पोटातून शोषलेले औषध रक्तात मिसळण्याआधी यकृतातून जाते. नायट्रोग्लिसरीनचा बहुतेक भाग आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटचा मोठा भाग यकृत तिथेच मोडून टाकते. जिभेखालच्या पातळ त्वचेतून ते थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत सायक्लेजपर्यंत त्याचा वायू पोचतो. तोंड कोरडे असेल, म्हाताऱ्या माणसांचे बहुधा असतेच, तर आधी घोटभर पाण्याने तोंड ओले करा आणि मग गोळी ठेवा. ती विरघळेपर्यंत बोलू नका, पाणी पिऊ नका. डायनायट्रेटच्या काही गोळ्या मुद्दाम गिळण्यासाठीच दिलेल्या असतात. तेव्हा आपल्या पाकिटातली गोळी कोणत्या कामाची, हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला एकदा स्पष्ट विचारून घ्या. मोनोनायट्रेटवर यकृत तेवढे तुटून पडत नाही, म्हणून ते गिळले तरी चालते. पण ते सावकाश काम करते. अचानक आलेल्या कळेवर त्याचा उपयोग नाही. दीर्घकाळ काम करणारी गोळी फोडून, चावून घ्यायची नाही, हेही जाता जाता सांगतो.

डोके दुखते ते मेंदूभोवतालच्या रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे. सोब्रेरोंनी नोंदवलेले दुखणे हेच. नायट्रेट नव्याने सुरू झाल्यावर बऱ्याच जणांना ते होते आणि काही दिवसांत बहुतेकांचे कमी होते. पॅरासिटामॉल चालते का ते डॉक्टरांना विचारा. डोके दुखते म्हणून रोजची गोळी परस्पर बंद करू नका, कारण नायट्रेट एकदम थांबवल्यास छातीची कळ उलटून येऊ शकते. उलट, डोके दुखले नाही म्हणून गोळी खराब आहे असेही समजू नका.

साठवणीचे पथ्य नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्यांना फार कडक आहे. ते उडून जाणारे द्रव्य आहे. गडद काचेच्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवायचे. प्लास्टिकच्या सात कप्प्यांच्या डबीत या गोळ्या काढून ठेवल्या तर काही आठवड्यांत औषध उडून जाऊन नुसती गोळी उरते. पाकिटबंद सॉर्बिट्रेट त्यामानाने टिकाऊ, पण नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कोणतेच औषध ठेवण्याजोगे नसते. स्प्रे बरेच दिवस वापरला नसेल तर आधी एक-दोनदा हवेत मारून पाहा. जिभेखाली मारताना श्वास आत ओढू नका.

रात्रीची सुट्टी

नायट्रेट चोवीस तास अखंड चालू राहिले की त्याचा गुण येईनासा होतो. स्फोटकांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या आधी अनुभवले होते. सोमवारी कामावर आल्यावर डोके ठणकायचे, आठवडा पुढे सरकेल तसे शरीर सरावायचे, आणि रविवारच्या सुट्टीत सराव मोडला की पुन्हा सोमवारी तेच. काहींना तर सुट्टीच्या दिवशी, नायट्रेट तुटल्यामुळे, छातीत कळ यायची. या सरावाची कारणे एकाहून अधिक आहेत. नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड सोडवणारा एक वेगळा विकर सतत वापराने थकतो, आणि पेशीत तयार होणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये सायक्लेजच्या हीमलाही बाधतात. उपाय मात्र सोपा आहे. दिवसातले दहा ते बारा तास शरीराला नायट्रेटपासून मोकळीक द्यायची.

म्हणून पॅच सकाळी लावायचा आणि बारा-चौदा तासांनी काढायचा. म्हणून मोनोनायट्रेट दोनदा घ्यायचे असेल तर डॉक्टर सकाळी आठ आणि दुपारी तीन असे लिहितात. ही चिठ्ठी वाचून घरचे लोक गोंधळतात, कारण बाकी सगळ्या गोळ्या सकाळ-रात्र असतात. डॉक्टरांची लिहिण्यात चूक झाली असेल, असे समजून सून किंवा मुलगा ती दुसरी गोळी मोठ्या काळजीने रात्रीच्या कप्प्यात भरून ठेवतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ‘आता या गोळीचा गुण येत नाही’ अशी तक्रार सुरू होते. ती चूक नसते. ज्यांना कळ रात्रीच येते त्यांच्यासाठी डॉक्टर मोकळिकीचे तास दिवसा ठेवतात, पण तो निर्णय त्यांचा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडून टाका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. नवा पॅच दर वेळी वेगळ्या जागी लावा.

टाकी, नळ आणि मोरी

या लेखातला फक्त एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचावा.

स्नायूपेशी ही पाण्याची टाकी समजा आणि सायक्लिक जीएमपी हे तिच्यातले पाणी. नायट्रेट वरचा नळ उघडते. टाकीला खाली मोरीही आहे. सायक्लिक जीएमपी मोडून टाकणारा एक विकर असतो, फॉस्फोडायएस्टरेज-५, तोच ती मोरी. मोरी मोकळी असेपर्यंत टाकी भरून वाहत नाही, आणि रक्तदाब थोडासाच उतरून सावरतो.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधले औषध, आणि टाडालाफिल हे दोन्ही ती मोरी बुजवतात. सिल्डेनाफिलची सुरुवातीची चाचणी ब्रिटनमध्ये अंजायनासाठीच झाली होती. तिथे ते फारसे चालले नाही, आणि १९९८ साली अमेरिकेत ते पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचे औषध म्हणून मंजूर झाले. मोरी बुजलेली असताना कुणी नळ सताड उघडला तर काय होईल ते सांगायला नको. रक्तदाब इतका कोसळतो की हृदयाला आणि मेंदूलाच रक्त मिळेनासे होते. माणसे यात दगावली आहेत. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास कोणतेही नायट्रेट घ्यायचे नाही. ज्यांना रोज नायट्रेट चालू आहे त्यांनी ही औषधे घ्यायचीच नाहीत.

आपल्याकडे अडचण लाजेची आहे. साठीतला गृहस्थ छातीत दुखते म्हणून दवाखान्यात येतो, सोबत मुलगा असतो, सून असते, आणि डॉक्टरांनी ‘दुसऱ्या काही गोळ्या?’ असे विचारले की तो मान हलवून नाही म्हणतो. माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. घरच्यांनी त्या क्षणी काही तरी निमित्ताने बाहेर जावे आणि रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. रुग्णाने घेतलेल्या गोळीचे नाव आणि वेळ सांगावी. डॉक्टर त्यावरून तुमचे चारित्र्य ठरवत नाहीत, कोणते इंजेक्शन द्यायचे नाही ते ठरवतात. शिवाय सिल्डेनाफिल फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी बायकांना आणि मुलांनाही दिले जाते. तेव्हा हा प्रश्न फक्त पुरुषांचा नाही. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि कॅप्सूलांत सिल्डेनाफिलची लपून भेसळ केलेली अनेकदा सापडली आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसतो. हृदयरोग असलेल्याने असली चूर्णे घरात आणूच नयेत.

सायक्लेजलाच ढकलणारी नवी औषधे

नायट्रेट फक्त वायू पुरवतात. पुढे सायक्लेजला थेट हात घालणारी औषधे आली, आणि आज आपल्याकडे काही रुग्णांच्या चिठ्ठीत ती दिसतात.

रिओसिग्वाट त्यातले एक. ते हीमला शिवत नाही. हीमचा भाग आणि तो पिळदार दांडा यांच्या मधल्या बेचक्यात ते जाऊन बसते आणि रेणूला ताठ अवस्थेत राहायला मदत करते. २०२१ साली पेकिंगच्याच गटाने मानवी सायक्लेजमध्ये ते नेमके कुठे बसते हे दाखवले. नायट्रिक ऑक्साइड अगदी थोडा असला तरी त्याचा परिणाम या औषधाने वाढतो, आणि तो नसला तरी सायक्लेज काही प्रमाणात काम करू लागतो. फुप्फुसांच्या धमन्यांतल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी, आणि फुप्फुसात जुन्या गुठळ्या अडकून झालेल्या अशाच आजारासाठी, अमेरिकेत ते २०१३ मध्ये मंजूर झाले. गुठळ्यांच्या आजारात शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय आहे. ती शक्य नसलेल्या किंवा तिच्यानंतरही त्रास उरलेल्या रुग्णांच्या चाचणीत, १६ आठवड्यांनी हे औषध घेणारे सहा मिनिटांत आधीपेक्षा सरासरी ३९ मीटर जास्त चालू शकले. ज्याला स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येताना धाप लागते, त्याच्या दृष्टीने ३९ मीटर पुष्कळ असतात.

व्हेरिसिग्वाट याच जातीचे, पण हृदयाची पंपशक्ती कमी झालेल्या आणि नुकतीच प्रकृती बिघडून गेलेल्या रुग्णांसाठी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५,०५० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचे प्रमाण नकली गोळीच्या गटात ३८.५ टक्के होते, औषधाच्या गटात ३५.५ टक्के. फायदा आहे, पण माफक आहे. बाकीची औषधे सोडून यावर विसंबण्याइतका तो नाही.

तिसरा प्रकार अधिक धाडसी होता. मधुमेह, धूम्रपान अशा कारणांनी पेशीत ऑक्सिडीकरण वाढले की सायक्लेजचे हीम बिघडते किंवा गळूनच पडते. मग नायट्रिक ऑक्साइडला बसायला जागाच उरत नाही. सिनासिग्वाट हे औषध त्या रिकाम्या खोबणीत हीमच्या जागी स्वतः बसते आणि सायक्लेजला चालू करते. कल्पना सुंदर होती, पण हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत रक्तदाब फार उतरू लागल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या.

रिओसिग्वाट आणि व्हेरिसिग्वाट घेणाऱ्यांनी डोस हळूहळू का वाढवतात हे यातून समजून घ्यावे. रिओसिग्वाट बहुधा १ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे सुरू करतात आणि रक्तदाब पाहत दर दोन आठवड्यांनी थोडे वाढवत जास्तीत जास्त २.५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. तीन किंवा अधिक दिवस गोळी चुकली तर जुन्या डोसवर परस्पर येऊ नका. डॉक्टरांना फोन करा, पुन्हा खालून चढावे लागते. व्हेरिसिग्वाट जेवणाबरोबर घ्यायचे. ॲसिडिटीची पातळ औषधे आणि रिओसिग्वाट यांत तासाभराचे अंतर हवे. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात रिओसिग्वाट अर्ध्याहून कमी राहते. सिगारेट सोडलीत, आणि सोडाच, तर तेही डॉक्टरांना कळवा, कारण त्याच डोसचा जोर आता वाढणार असतो. गरोदरपणात ही दोन्ही औषधे गर्भाला घातक आहेत. मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईने गर्भनिरोधनाविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. आणि रिओसिग्वाटबरोबर नायट्रेटही नको, सिल्डेनाफिलही नको. ही औषधे वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिली, तरी ती एकाच टाकीपाशी पोचतात.

कळ आली तर

छातीत दाब, ओढ, जडपणा, गळ्याकडे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, त्याबरोबर घाम आणि धाप. बायकांत आणि मधुमेह्यांत नुसता थकवा, मळमळ, पोटात वर जळजळ असेही असू शकते. ज्यांना आधीपासून गोळी लिहून दिलेली आहे त्यांनी काम थांबवून बसावे आणि एक गोळी किंवा स्प्रेचा एक फवारा जिभेखाली घ्यावा. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत कळ गेली नाही किंवा वाढली तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी आणखी गोळी घेता येते, पण एकूण तीनच्या वर नाही, आणि घेरी येत असेल किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर एकही नाही. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. ॲस्पिरिन चावून खाण्याबद्दल १०८ वरच्या डॉक्टरांना विचारा. गुठळी वाढू न देण्याचे काम ॲस्पिरिन करते, सॉर्बिट्रेट करत नाही.

मोबाइलवर निरोप फिरतात की प्रत्येकाने खिशात सॉर्बिट्रेट ठेवावी आणि कुणाच्या छातीत दुखले की द्यावी. असे करू नका. हृदयाच्या उजव्या भागाला झटका बसला असेल, महाधमनीची झडप फार अरुंद असेल, अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा त्याने सिल्डेनाफिल घेतले असेल, तर त्या माणसाचे हृदय परत येणाऱ्या रक्ताच्या आधारावर कसेबसे चालू असते. तुमची गोळी तेच रक्त खाली थांबवते. अनोळखी माणसाच्या छातीत दुखत असेल तर त्याला बसवा, १०८ लावा, श्वास थांबला आणि प्रतिसाद नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

कळेसाठी आठवड्याला लागणाऱ्या गोळ्यांची संख्या वाढली, कमी श्रमात कळ येऊ लागली किंवा बसल्या जागी, झोपेत आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

एका कागदावर चालू औषधांची नावे, डोस, वेळा आणि डॉक्टरांचा फोन लिहून तो पाकिटात ठेवा. औषधांची नावे दुकानातली नकोत, स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतात ती मूळ नावे लिहा. स्ट्रिपमधून दोन-चार गोळ्या कात्रीने कापून पर्समध्ये टाकण्याची सवय अनेकांना असते. नाव आणि एक्स्पायरी मग कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर राहते. गोळ्या काढताना छापलेली बाजू शेवटपर्यंत शिल्लक राहील अशा टोकापासून काढत जा, आणि आता वाचून झाले की घरातल्या पाकिटांवरच्या तारखा एकदा पाहून घ्या.